पहिल्या पाण्याचं पिंप

आमच्या घरात पाण्याला नंबर होते. माणसांना नव्हते, पाण्याला होते. पहिलं पाणी म्हणजे सकाळी नळाला आलेलं, फडक्यातून गाळून निळ्या पिंपात भरलेलं. ते प्यायला आणि स्वयंपाकाला. दुसरं म्हणजे तांदूळ, भाजी धुतलेलं, पेले विसळलेलं. ते लाल बादलीत जायचं, फरशी पुसायला. आणि तिसरं म्हणजे अंघोळीचं न् कपडे पिळलेलं, काळ्या टबातलं, संडासात ओतायला. यात कुणाचा नंबर चुकला की माझ्या थोरल्या जाऊबाईंचा आवाज आलाच समजा.

मी त्यांना वहिनी म्हणायचे. बिल्डिंगमध्ये मात्र सगळे त्यांना मुकादम म्हणत, तेही तोंडावर, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट नळावर भांडण लागलं की खालच्या बायकाच जिन्यातून हाक मारायच्या, "मुकादम, जरा खाली या हो." वहिनी पदर-बिदर खोचायच्या भानगडीत पडत नसत. हातातलं फडकं खांद्यावर टाकून तशाच उतरायच्या आणि दोन वाक्यांत निकाल लावून वर यायच्या.

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. पाणी सकाळी तासभर. खालच्यांनी नळ सोडले की आमच्या नळातून नुसती हवा फुसफुसायची आणि मग करंगळीएवढी धार. त्या धारेखाली वहिनी ठेंगणं स्टूल टाकून बसलेल्या असत, पहाटेपासून, जणू नळाला सोबत म्हणून. मी लग्न होऊन आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी नळ चालू ठेवून दात घासत होते. माहेरी आमच्या दारात विहीर होती, मला काय ठाऊक! वहिनी आल्या, नळ बंद केला आणि माझ्या हातात एक भांडं दिलं. मला असा राग आला की तोंडातला फेस तसाच ठेवून मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"रागाव," त्या म्हणाल्या. "पण भांड्यानं तोंड धू."

तेव्हापासून आमचं जमलं. मी तापट आणि त्या हेकट, त्यामुळे घरात शांतता अशी कधी नव्हतीच, पण एकमेकींवाचून पानही हलत नसे. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर. वहिनी आणि दादा, म्हणजे माझे थोरले दीर, बाहेरच्या खोलीत. मी आणि माझी लेक आतल्या. आमचे हे ट्रकवर, महिन्यातून चार दिवस पाहुण्यासारखे यायचे आणि तेवढ्या चार दिवसांत तीनदा वहिनींची बोलणी खायचे, कारण ट्रक धुतात तसा हा माणूस अंग धुतो, असं वहिनींचं म्हणणं होतं. दादा शाळेत शिपाई. स्वभावानं इतके गरीब की वहिनींनी अंघोळीला अर्धी बादली दिली तर त्यातलीही थोडी उरवून आणून दाखवायचे. वहिनींना मूल नव्हतं. माझी ठमी त्यांच्याच मांडीवर वाढली, आणि पाण्याच्या बाबतीत ती माझी कमी आणि त्यांची जास्त झाली.

लोकांच्या घरात पैसा पाण्यासारखा खर्च होतो, आमच्या घरात पाणी पैशासारखं खर्च व्हायचं. मी हे चारचौघांत बोलून दाखवायचे आणि वहिनी हसायच्या. त्यांना ते कौतुक वाटायचं. आणि खरं सांगायचं तर होतंच कौतुक. कडक उन्हाळ्यात अख्खी बिल्डिंग घागरी घेऊन रस्त्यावर धावायची तेव्हा आमच्याकडे पिंप निम्मं भरलेलं असायचं, आणि कुणाच्या घरी बाळ असलं, म्हातारं माणूस असलं, तर वहिनी त्यातलं तांब्याभर काढून द्यायच्या. दुसऱ्याला देताना त्यांचा हात कधी आखडला नाही. आखडला तो स्वतःच्या घशापुरता, आणि ते आमच्या लक्षात यायला फार उशीर झाला.

वहिनी नोकरी करत होत्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या कारखान्यात. ऐकायला गंमत वाटते ना? एका उजेडाच्या काचेसमोर स्टुलावर बसायचं आणि पट्ट्यावरून सरकत जाणाऱ्या बाटल्यांत कचरा, केस, कण काही दिसतंय का ते डोळ्यांत तेल घालून बघायचं. उठायचं असेल तर हात वर करायचा, मग सुपरवायझर बदली बाई पाठवणार, ती बाई तोंड वाकडं करत येणार, आणि संडास अंगणाच्या पार पलीकडे. दोनदा उठलं की तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर ऐकून घ्यायचं. त्यामुळे तिथल्या सगळ्याच बायका पाणी न पिता कामाला बसायच्या. दिवसभर डोळ्यांसमोरून पाणी जायचं आणि घोटभर घशाखाली उतरायचं नाही.

घरी आल्यावर तरी प्यावं की नाही? तर नाही. संडासला गेलं की अर्धी बादली ओतावी लागते, आणि प्यायलं नाही तर जावं लागत नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. दिवसाला दोन भांडी पाणी, त्यातलं एक चहात. मी कुरकुरले की म्हणायच्या, मला लागतच नाही गं, सवय आहे. ठमी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी त्यांच्याजवळ जाऊन सांगायची, मोठीआई, मी आज शाळेत एकदाही पाणी प्यायले नाही. शाळेतले संडास म्हणजे बोलायलाच नको, पोरींना नाक धरून जावं लागायचं. वहिनी तिच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. माझं टाळकं सटकायचं. मी म्हणायचे, काय शिकवताय पोरीला, उंट आहे का ती? दोघी तोंडाला हात लावून हसायच्या, मग मीही हसायचे, आणि विषय तिथंच संपायचा.

मधूनमधून वहिनींच्या कमरेतून कळ यायची. एकदा मुतखडा निघाला. एकदा ताप येऊन लघवीला जळजळ झाली, गोळ्या आणल्या, ताप उतरल्यावर उरलेल्या गोळ्या डबीत ठेवून दिल्या, पुन्हा लागतील म्हणून. गोळ्यांचीही बचतच. असं काही वर्षं चाललं. मग एका हिवाळ्यात त्यांना जेवण नकोसं झालं, चेहरा सुजायला लागला, जिना चढताना प्रत्येक मजल्यावर बसायला लागल्या. तरी कारखान्यात जाणं चालूच. शेवटी पट्ट्यासमोरच त्यांना उलटी झाली आणि कारखान्यातल्या बायका त्यांना घेऊन आल्या, तेव्हा मी काही एक न ऐकता त्यांना हॉस्पिटलात नेलं.

दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. डॉक्टर वयस्कर होते, आवाज चढवून न बोलणारे. त्यांनी विचारलं, बाई, तुम्ही पाणी किती पीत होता? वहिनी म्हणाल्या, लागायचंच नाही मला. आणि ते त्यांनी अशा काही तोऱ्यात सांगितलं, जसं ठमी त्यांना सांगायची.  डॉक्टर म्हणाले, एवढं एकच कारण नाही, रक्तदाब आहे, खडे होते, जुना जंतुसंसर्ग आहे. पण वर्षानुवर्षं शरीराला पाणी मिळालं नाही त्याचाही यात मोठा वाटा आहे. दादांनी खाली मान घातली.  वहिनींनी एवढंच विचारलं, आता प्यायला लागले तर चालेल का?

नाही चालणार, डॉक्टर म्हणाले. आता उलटं आहे. आता शरीर पाणी बाहेरच टाकत नाही, त्यामुळे दिवसाला दोन भांडी, त्याहून जास्त नाही. आणि आठवड्यातून दोनदा मशीनला बसायचं, डायलिसिस, रक्त धुऊन घ्यायला. त्यात खंड पडता कामा नये, खंड पडला तर जीव जाईल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. तिथं बसलेल्या आम्हा तिघांनाही ते नीट ऐकू आलं.

दोन भांड्यांचं पथ्य वहिनींना जड गेलं नाही. डायलिसिसच्या खोलीत चार खुर्च्या आणि चार मशिनं. बाकीची माणसं पाण्यासाठी जीव टाकायची, ओठ ओले करायला बर्फाचा खडा मागायची, एक आजोबा तर नर्सचा डोळा चुकवून हात धुण्याच्या नळाला तोंड लावायचे. वहिनी ढिम्म. नर्स त्यांचं उदाहरण द्यायची बाकीच्यांना. काय सांगायचं, ज्या गुणानं बाईला तिथं आणून बसवलं त्याच गुणाचं तिथं कौतुक चाललं होतं! मी बाहेरच्या बाकावर बसून स्वतःशी चरफडायचे.

वहिनींचं लक्ष मशीनच्या मागे गेलं. तिथून एक नळी निघून भिंतीतल्या पाइपात जात होती आणि त्यातून सारखं पाणी वाहत होतं. त्यांनी टेक्निशियनला विचारलं. चष्मा लावलेला, लाघवी माणूस होता. तो म्हणाला, काकू, रक्त धुवायला पाणी लागतंच, आणि ते अगदी स्वच्छ लागतं, म्हणून आधी फिल्टरच्या खोलीत गाळतो. तिथं निम्म्याहून जास्त पाणी टाकून द्यावं लागतं. वहिनी म्हणाल्या, म्हणजे एका माणसाच्या एका बसण्याला किती? त्यानं हिशेब केला आणि सांगितलं, तुमच्या घरी ते मोठं पिंप असतं ना, तशी दोन धरा. चांगल्या मनानं सांगितलं मेल्यानं, आणि आमच्या घराला काडी लावून दिली.

 त्या दिवशी घरी आल्यावर वहिनी पिंपाचं झाकण उघडून आत बघत उभ्या राहिल्या. पुढच्या वेळेला निघायची वेळ झाली तर चप्पल घालेनात. बरं वाटतंय म्हणाल्या, आज नको. दादा नुसते दारात उभे, त्यांची कुठली बिशाद बायकोला चल म्हणायची. मी शिवणाच्या कारखान्यातून रजा काढून आलेली, माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, वहिनी, डॉक्टरांनी काय सांगितलंय ते विसरलात का?

"माझ्या एकटीच्या रक्तासाठी दोन-दोन पिंपं गटारात सोडायची?" त्या म्हणाल्या. "मी काय अशी मोठी लागून गेले?"

"ते पाणी काही कुणाच्या तोंडचं काढून घेतलेलं नाही."

"सगळं पाणी कुणाच्या ना कुणाच्या तोंडचंच असतं. तुला नुसता नळ उघडायचं ठाऊक, म्हणून दिसत नाही."

मी त्यांना हाताला धरून खाली आणलं, अक्षरशः ओढत. त्या आल्या, पण रस्ताभर रडल्या. वहिनींना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. मला कळून चुकलं की अशी ओढाताण आठवड्यातून दोनदा जन्मभर चालायची नाही. ही बाई मरेल, आणि मरताना तिला वाटेल की आपण काहीतरी वाचवलं.

म्हणून मी ती फिल्टरची खोली गाठली. टाकून दिलेलं पाणी एका जाड पाइपातून बाहेरच्या गटारात पडत होतं, चांगलं काचेसारखं. मी हॉस्पिटलच्या ऑफिसात जाऊन विचारलं, हे आम्ही नेलं तर चालेल का? ते म्हणाले, न्या की, पिऊ नका म्हणजे झालं. तेलाचे चार जुने कॅन मिळवले, साबणानं घासले, ओळखीचा रिक्षावाला ठरवला. वहिनी आत मशीनला असताना मी बाहेर कॅन भरले. त्या बाहेर आल्या, रिक्षात पायाशी भरलेले कॅन बघितले आणि विचारलं, हे काय? मी म्हटलं, तुमचं पाणी. घरी चाललंय.

घरी आल्यावर त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. मचूळ आहे, म्हणाल्या, पण फरशीला चालेल, संडासला चालेल. आणि जरा विचार करून त्याला नंबर दिला. चौथं पाणी. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

त्यानंतर त्यांनी मशीनला कधी नाही म्हटलं नाही. उलट त्या दिवशी सकाळपासून कॅन दाराशी मांडून बसायच्या. दोन पिंपांतलं चार कॅन म्हणजे काही फार नव्हे, पण काहीतरी परत येत होतं. फरशी पुसायला चौथं पाणी, संडासला चौथं पाणी. त्यामुळे तिसरं उरायला लागलं, तर ते खालच्या मजल्यावरच्या बायकांना. कारखाना सुटला होता, पण मुकादमकी पुन्हा जोरात. मी हळूहळू सोबत जायची थांबले, माझ्याही रजा संपत आल्या होत्या. रिक्षावाला न्यायचा, आणायचा, कॅन वर चढवून द्यायचा. संध्याकाळी मी घरी आले की पहिली नजर दारामागे जायची. चार भरलेले कॅन दिसले की जीव भांड्यात पडायचा. वहिनी जाऊन आल्या, एक दिवस निभावला.

आणि इथंच आम्ही सगळे फसलो. मी वहिनींचं तोंड बघायच्या आधी कॅन बघायला लागले होते.

उन्हाळा आला आणि हॉस्पिटलचीच टाकी आटली. टँकर एक दिवस यायचा, दोन दिवस नाही. मशिनं चार, पाणी दोघांपुरतं. डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की शहराच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक केंद्र आहे, ज्यांना शक्य आहे त्यांनी पाणी सुरळीत होईपर्यंत तिकडे सोय बघावी, आम्ही चिठ्ठी देतो. आता पुढचं आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण मी आत्ताच सांगून टाकते, शेवटपर्यंत दाबून ठेवायची मला सवय नाही. वहिनींनी टेक्निशियनला सांगितलं, माझी तिकडे सोय झाली, सकाळी तिकडे बसते, इकडे फक्त पाणी न्यायला येईन. आणि आपली खुर्ची एका कंडक्टर पोरीला देववली. बाळंतपणात मूत्रपिंडं गेलेली, तान्हं घरी, तिला लांब जाणं जमत नव्हतं. टेक्निशियनला खरं वाटलं. का वाटू नये? दर वेळी काकू येत होत्या, फिल्टरच्या खोलीत उलट्या बादलीवर बसून बाकीच्यांचं टाकलेलं पाणी कॅनमध्ये धरत होत्या, आणि ठरलेल्या वेळेला रिक्षातून घरी जात होत्या.

ती पोरगी आजही मशीनला जाते. मला तिचा राग येतो, आणि तिचा राग येतो म्हणून मला माझी लाज वाटते. तिनं काही मागितलं नव्हतं.

दोन आठवडे हे चाललं. वहिनींनी त्या उकाड्यात पायमोजे घालायला सुरुवात केली. मी विचारलं तर म्हणाल्या, पाय गार पडतात. झोपताना भिंतीला टेकून बसायच्या, आडवं झालं की दम लागतो म्हणायच्या. चेहरा पिठूळ झाला होता. एका संध्याकाळी मी त्यांच्या पायाशी बसले आणि मोजा खाली ओढला. मोज्याची जाळी कातडीत रुतून बसली होती, बोट दाबलं तर खड्डा पडून तसाच राहिला.

मी म्हटलं, "वहिनी, हे काय आहे? तुम्ही मशीनला नीट बसता ना?"

"जाऊन आले ना आज," त्या म्हणाल्या आणि दाराकडे हात केला. "कॅन बघ की."

मी कॅन बघितले. चारही गळ्यापर्यंत भरलेले होते. मी मोजा वर केला आणि म्हटलं, उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवू, औषध बदलायला पाहिजे. त्या म्हणाल्या, बरं. मग म्हणाल्या, आज खालच्या आजींना एक कॅन दे, त्यांच्याकडे कालपासून खडखडाट आहे.

सकाळी नळाला हवा फुसफुसायला लागली आणि बराच वेळ फुसफुसतच राहिली. बादली लावल्याचा आवाज नाही. मी उठून गेले. वहिनी त्यांच्या ठेंगण्या स्टुलावर, पाठ भिंतीला, मान एका बाजूला, गाळायचं फडकं मुठीत. धार मोरीत पडत होती, निम्मी त्यांच्या पायावर. हाक मारली, हलवलं. मग नळ बंद केला. आधी नळ बंद केला आणि मग दादांना हाक मारली, हे मला अजून सहन होत नाही.

बिल्डिंगमधले डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, अंगात पाणी साठलं होतं, ते छातीत भरलं, हृदय थांबलं. जिनं जन्मभर स्वतःच्या घशाखाली धड घोट जाऊ दिला नाही ती बाई अंगातल्या पाण्यानं गुदमरून गेली. मला किंचाळावंसं वाटत होतं. मी किंचाळले नाही, ठमीला पोटाशी धरून बसले.

माणसं जमायला लागली तेवढ्यात दादांचा फोन वाजला. हॉस्पिटलातला टेक्निशियन होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! त्यानं आनंदानं सांगितलं की टँकर सुरळीत झाले, आता काकूंना परत आमच्याकडेच आणा, दोन आठवडे लांब जाऊन त्यांचे हाल झाले असतील.

दादा म्हणाले, "लांब म्हणजे कुठं?"

मग ते बराच वेळ ऐकत राहिले. फोन ठेवला आणि दारामागच्या कॅनकडे बघायला लागले. त्यांनी मला सगळं सांगितलं, शब्दन्‌शब्द, जसं ऐकलं तसं. मग जाऊन एकेका कॅनला हात लावून आले. मला वाटलं आता फोडतील, लाथ मारतील. त्यांनी सैल झालेलं एक बूच तेवढं घट्ट केलं आणि पुन्हा वहिनींच्या उशाशी जाऊन बसले.

अंघोळ घालायची वेळ झाली. पुरुष बाहेर गेले. खालच्या आजींनी आणि दोघी-तिघींनी वहिनींना मोरीत पाटावर घेतलं. नळ कधीच गेला होता. आजी इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, कॅनमधलं घेऊ का गं? स्वच्छच आहे की. त्या चुकीचं काही बोलत नव्हत्या. वहिनींना विचारलं असतं तर त्यांनीही तेच सांगितलं असतं, चौथं घ्या.

"पहिलं," मी म्हटलं. "पिंपातलं."

मी स्वतः पिंपाचं झाकण काढलं आणि तांब्या बुडवला. त्यांच्या डोक्यावरून ओतलं, खांद्यावरून ओतलं, त्या सुजलेल्या पायांवरून ओतलं. मोज्यांचे वळ तसेच होते. तांब्यामागून तांब्या ओतत राहिले. अंग कधीच स्वच्छ झालं होतं, साबण निघून गेला होता, तरी माझा हात थांबेना. एकीनं माझं मनगट धरलं, पुरे गं, पिंप रिकामं होईल, घरात प्यायला राहणार नाही. मी हात सोडवून घेतला. होऊ दे, म्हटलं. एवढी वर्षं हिनं भरलंय ते, एकदा तरी हिच्या अंगाला लागू दे. शेवटी पिंप तिरकं करून तळाचंसुद्धा काढलं. सगळं मोरीतून वाहून गेलं, बादलीत धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला तेव्हा ठमी माझ्याआधी उठली होती. ठेंगण्या स्टुलावर बसून, फडकं ताणून, पिंप भरत होती. डोळे सुजलेले, ओठ सुकून पांढरे. मी विचारलं, काल पाणी कधी प्यायलीस?  ती विचार करून सांगायचा प्रयत्न करत होती आणि तिला आठवत नव्हतं.

मी पिंपातून भांडं भरलं आणि तिच्यासमोर धरलं.

ती दोन घोट प्यायली. मग उठली आणि उरलेलं भांडं घेऊन लाल बादलीकडे निघाली, उष्टं पाणी दुसऱ्यात ओतायला, जसं तिला शिकवलं होतं तसं. मी तिचा हात धरला.

"ओतू नकोस. पी."

"मला लागत नाही, आई."

"पी, ठमे. सगळं."

ती रडायला लागली, आणि रडत रडत प्यायली, हुंदका आला की थांबायची, मी भांडं तोंडाशी धरून ठेवायचे. संपलं तेव्हा मी दुसरं भरलं. मागे पिंप भरून नळाचं पाणी जमिनीवर सांडायला लागलं होतं, आणि आमच्या दोघींपैकी कुणीही नळ बंद करायला उठलं नाही.